अर्ध्या तासाचा काळोख

डॉमनिक: अर्धा तास? भर लग्नात? कॉनी, डोकं ठिकाणावर हाय ना तुझं?

कॉनी: लग्न सोमवारी आहे, काका. मी रविवारच्या संध्याकाळचं बोलतेय.

डॉमनिक: रविवारीच तर नवरीच्या न्हाणासाठी विहिरीचं पाणी आणायचं! बँड नि घुमट वाजवत सगळा गाव मिरवत जाणार. त्या वक्ताला दिवे घालवू? लोक इचारतील, डॉमनिककडे कोण मेलं काय?

टेरेझा: मीच मेले म्हणून सांगा. नायतरी सोमवारनंतर या घरात मी न्हायच.

डॉमनिक: तू गप गो. नवरीने कमी बोलायचं.

कॉनी: काका, जरा ऐकून तर घ्या. शनिवार-रविवार आमच्या भाईंदरच्या शाळेत परिषद आहे. पुणे, नाशिक, मुंबई, सगळीकडचे शिक्षक येतायत. पोरांना, साध्या माणसांना आकाश कसं दाखवायचं, त्यावर बोलणार. मीच म्हटलं, नुसती भाषणं काय करता, आमच्या चौक गावाला या. किनाऱ्यावर काळाकुट्ट अंधार असतो, दुर्बीण लावू, गावाला धूमकेतू दाखवू. अख्खी बस भरून येतायत.

डॉमनिक: मग दाखव की! आकाश काय माझ्या मांडवाला बांधलंय?

कॉनी: आकाश नाही, पण दिवे बांधलेत ना तुम्ही, घरापासून पार विहिरीपर्यंत! आणि विहीर किनाऱ्यालाच. धूमकेतू फिका आहे हो. सूर्य बुडाला की थोडा वेळ दिसतो, मग तोही बुडतो. डोळ्यांसमोर एवढा उजेड असला की संपलंच.

डॉमनिक: पेपरात तर लिवलं व्हतं, आभाळभर दिसेल म्हणून.

कॉनी: पेपरवाल्यांनी फुगवलं. म्हणून तर दुर्बीण लागते.

टेरेझा: पण कॉनीबाय, शेपटीवाला तारा ना तो? लिओनार्डची आई सांगत व्हती, तो वाईट असतो. लग्नात तर बघूच नये.

कॉनी: तुझ्या सासूला विचार, नाताळात दारावर कागदाचा तारा टांगला होता, त्याला काय शेपूट नव्हतं?

टेरेझा: व्हतं की! चांगलं हातभर. तिनेच चिकटवलं.

डॉमनिक: हसण्यावारी नेऊ नका. हे बघ कॉनी, आपल्या पाड्यात अजून विजेचे खांब आले न्हाय. भाईंदरवरून जनरेटर आणला, बैलगाडीत घालून. इथं पयल्यांदा लग्नात विजेचे दिवे लागतायत. तुझी काकी अंथरुणाला खिळली तेव्हा एकच बोलली, पोरीचं लगीन उजेडात करा. आमचं लढाईच्या दिवसांत झालं, रॉकेल मिळत नव्हतं. तिचं तोंड मी नीट बघितलं ते दुसऱ्या दिवशी.

कॉनी: माहीत आहे मला. काकी ते बोलली तेव्हा मीच उशाशी होते.

डॉमनिक: आणि तरी मागतेस?

कॉनी: मग कुणाकडे मागू? आईबाप गेले तेव्हापासून हेच माझं घर. पण काका, माझ्या एका तरी कार्यक्रमाला आलात तुम्ही? बी.एस्सी. झाले तेव्हा? शाळेने सत्कार केला तेव्हा?

डॉमनिक: बोटीवर व्हतो.

कॉनी: दर वेळी बोटीवर?

डॉमनिक: मग येऊन काय सांगू लोकांना? धाकटी मांडवात बसली, नि मोठी अजून ताऱ्यांच्या मागे पळतेय? तुझं लगीन निघालं असतं तर तिथं पण लावले असते दिवे. दुप्पट लावले असते!

टेरेझा: बाबा!

कॉनी: राहू दे गं. पोटातलं ओठावर आलं, बरं झालं.

टेरेझा: राहू दे कशाला? बाबा, लग्न माझं हाय ना? मी सांगते, घालवा दिवे.

डॉमनिक: लगीन तुझं, मांडव माझा. दिवे जळणार. विषय संपला.

कॉनी: ठीक आहे. बस तर आता थांबवता येणार नाही. येऊ देत. तुमचे दिवे बघून जातील.

(सोमवार सकाळ. चर्चला निघायची गडबड. कॉनी टेरेझाच्या केसांत फुलं माळतेय.)

कॉनी: हलू नकोस ना! पिन टोचेल.

टेरेझा: हसू येतं तर काय करू? काल जरीच्या लुगड्यांतल्या बायका दुर्बिणीपुढे कशा रांगेत उभ्या व्हत्या! आत्या तर दोनदा घुसली. बँडवाला बाजा काखेत मारून बघत व्हता.

कॉनी: पुण्याचे एक सर म्हणाले, आम्ही हँडबिलं वाटतो तरी माणूस येत नाही, तुमच्याकडे वाजतगाजत गाव आलं! पुढच्या परिषदेत मी यावरच बोलायचं म्हणे. माझं नशीब गं. ऐन वेळी जनरेटर बंद पडला नसता तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

टेरेझा: बंद पडला?

कॉनी: मग?

टेरेझा: अगो, बाबांनी जनरेटरवाल्याला बाजूला घेतलं नि दम भरला, मी सांगायच्या आधी चालू केलास तर मशीनसकट समुद्रात टाकीन!

कॉनी: काकांनी?

टेरेझा: आले बघ. तूच इचार.

डॉमनिक: झालं का न्हाय गो तुमचं? फादर वाट बघतायत.

कॉनी: काका, काल जनरेटर तुम्ही बंद केलात?

डॉमनिक: कोण बोललं? मशीन हाय. पडतं बंद.

टेरेझा: तारा दिसायच्या वक्ताला बंद, नि तारा बुडाला की चालू? लय शहाणं मशीन!

डॉमनिक: तुला काय सांगितलंय? नवरीने कमी बोलायचं.

कॉनी: तुम्ही रांगेतही होतात. सगळ्यात शेवटी. काय दिसलं?

डॉमनिक: काय दिसणार? काचेवर ओलं बोट पुसल्यासारखं काहीतरी. एवढ्याशासाठी मी दिवे घालवले!

कॉनी: म्हणजे घालवलेत.

डॉमनिक: आता रडतेस कशाला? सणासुदीचं रडू नये.

कॉनी: नाही रडत. पण लोक बोलले असतील ना तुम्हाला?

डॉमनिक: बोलणारच. लिओनार्डचा बाप आला तोंड वाकडं करून. म्हणाला, डॉमनिक, लग्नघरात काळोख?

कॉनी: मग? काय सांगितलंत?

डॉमनिक: काय सांगायचं? म्हटलं, मला दोन पोरी हायत. दोघींचं कार्य एकाच दिवशी आलं.