फादरच्या कबरीवरची माती

बिशपसाहेबांकडून आलेले पाहुणे फादर, सिस्टर, आणि माझ्या पोडावरच्या आयाबायांनो, भावांनो,

तुम्ही लांबून आलात. झरीकडची काही माणसं तर पायी आलीत. मला बोलायला उभं केलंय. मी शेवंता. पोडावरची, म्हणजे आमच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, अंगणवाडी मी चालवते. माझा चेहरा तुमच्यातल्या पुष्कळांनी त्या छापील पत्रकावर पाहिलाय. फादर थॉमस यांनी फुंकर मारून मेलेली पोरगी उठवली, असं त्यात लिहिलंय. ती पोरगी मी.

फादरना संत म्हणून मान मिळावा यासाठी आपल्याकडून पत्र जाणार आहे. त्यात पहिली साक्ष माझी. तीच आज इथे सांगायला मला बोलावलंय. सांगते. पण जशी घडली तशी सांगते.

मी सोळा वर्षांची होते. तेंदूची पानं तोडताना हाताला नाग डसला. घरी आणेपर्यंत पापण्या मिटल्या, जीभ हलेना. पोडावरचा भगत आला, पाहून परत गेला. आईनं हंबरडा फोडला. लोक म्हणाले, गेली. पण मी गेले नव्हते. माझ्या माणसांनो, मला सगळं ऐकू येत होतं. खड्डा कुठे खणायचा, ते बोलणंसुद्धा.

मग जीपचा आवाज आला. फादरनी माझ्या नाकापाशी हात धरला आणि ओरडले, "श्वास हाय! उचला!" आंद्रुभाऊ, चर्चचं सगळं तुम्हीच बघता, तेव्हा गाडीही तुम्हीच चालवत होता. वणीपर्यंतच्या त्या खडबडीत रस्त्यानं फादर मागे माझ्या तोंडात श्वास भरत बसले होते. एक श्वास, मग तुम्हाला शिवी, मग दुसरा श्वास. गाडीत दुसरं कोण होतं? आपण तिघंच. दवाखान्यात सुया लागल्या, दुसऱ्या दिवशी माझे डोळे उघडले. तीच फुंकर. तोच चमत्कार.

लोक वेगळं सांगू लागले तेव्हा मी गप्प बसले. का बसले? मला बरं वाटत होतं. कोलामाची पोर, आणि बायका माझ्या पायाला हात लावायच्या. फादरना ते कळलं तेव्हा ते माझ्यावर रागावले. फादर मऊ माणूस नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे. केरळातून आले, आपली बोली शिकले, आणि आपल्याच बोलीत रागवायचे. मी बाप्तिस्मा घेतला नाही. त्याबद्दल त्यांनी मला तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला चर्चच्या पायरीवर बसवलं आणि त्यांच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली. पलीकडच्या पोडावर एका म्हाताऱ्याला असंच जनावर चावलं होतं. फादर उशाशी गुडघे टेकून प्रार्थना करत राहिले. जीप बाहेर उभी होती. म्हातारा गेला.

ते म्हणाले, "शेवंता, देवानं मले गाडी देल्ली होती. मी डोये मिटून बसलो. प्रार्थना गाडीत बसूनबी होते."

हे त्यांनी मला सांगितलं. मी कोणाला सांगितलं नाही.

फादरना मातीत ठेवून आज चाळीस दिवस झाले. आंद्रुभाऊंनी कबरीवर तीनदा नवी माती टाकली. तीनही वेळा ती खाली गेली. लोक पदरात, रुमालात नेतात. तापाला लावतात, दुखत्या पोटाला लावतात. एका सकाळी मी फुलं ठेवायला गेले, तर उशाशी हात कोपरापर्यंत आत जाईल एवढा खड्डा. बाजूला ताज्या बोटांचे ओरखडे. फादरचं भय वाटलं नाही मला. भय वाटलं ते त्या बोटांचं. वाटलं, एखाद्या दिवशी इथे कोणीतरी येईल, ज्याच्याजवळ वेळ नसेल.

मी आंद्रुभाऊंना म्हटलं, हे थांबवा. ते म्हणाले, लोकायची श्रद्धा हाय, बाई. मी पुढे काही बोलले नाही.

मागच्या सोमवारी मैना निंदायला गेली होती. दोन लेकरांची आई. कपाशीच्या पऱ्हाटीत तिच्या पायाला नाग डसला. वणीचा रस्ता त्यांच्या शेतापासून हाकेवर. पण तिला उलट्या बाजूला, इकडे, बाजेवर घालून आणलं. मी अंगणवाडीतून पळत आले तेव्हा तिच्या पायाला गुडघ्यापर्यंत ही माती लावलेली होती. पापण्या उतरत होत्या. मला तो उतार माहीत आहे.

मी तिच्या नवऱ्याला म्हटलं, "इकडे काहून आणलं?"

त्यानं खिशातून ते पत्रक काढलं. माझा फोटो मला दाखवला. म्हणाला, "बाई, तुमीच तं वाचल्या नं."

गाडी मिळाली. मी तिच्या शेजारी बसले. फादरनी जसं केलं तसं केलं, श्वास भरत राहिले. वणी दिसू लागली आणि तिची छाती थांबली. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं. तो तास या कबरीपाशी गेला. तो तास माझ्यामुळे गेला.

बिशपसाहेबांच्या पाहुण्यांनो, पत्र न्या. फादर मोठे होते, हे मी शपथेवर सांगेन. पण माझी साक्ष मी आता सांगितली तशीच लिहून घ्या. चमत्कार म्हणून लिहिणार असाल, तर माझं नाव खोडा. आंद्रुभाऊ, तुम्ही मान खाली घालून बसलात. मी तुम्हाला दोष देत नाही. पण उठा, आणि गाडी तुम्हीच चालवत होता हे लोकांना सांगा. आता सांगा.

कारण निंदण अजून संपलेलं नाही. बांधावरचं गवत गुडघ्याच्या वर गेलंय. काल दुपारी मी स्वतः कबरीला काटेरी तार लावली. आज पहाटे येऊन पाहिलं. एका बाजूची तार वर उचललेली होती, आणि खाली सरपटत आत गेल्याच्या खुणा होत्या. माणसाच्या.

मैनाची दोन्ही लेकरं पुढच्या रांगेत बसली आहेत. त्यांच्याकडे पाहून सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं कोणी बोलू नये. फादरसाठी, आणि मैनासाठी.

फादर, जोहार. मैना, मला माफ कर.