चर्चच्या दारावरचं कुंकू

यंदा लक्ष्मीपूजनाला फ्रीमाँटच्या घरात मला घाम फुटला, यार. ऑफिसातल्या दिमित्रीने त्याच्या गावाकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचं चित्र असलेली, त्याच्या संग्रहातली स्मारक नोट मला दोन दिवस बघायला दिली होती. प्लास्टिकच्या पाकिटात, कोरी करकरीत. पूजेला बसायला गेलो, तर पुण्याहून आलेल्या आईने ती पाकिटातून काढून डॉलरच्या नोटांशेजारी चौरंगावर मांडलेली. वर चर्चच्या दारावर ओल्या हळदकुंकवाचं बोट.

"आई, अगं काय केलंस हे? नोट दुसऱ्याची आहे. डाग पडला की वाया जाते ती."

आई शांतपणे म्हणाली, "नोट म्हणून कुठे लावलं? तुझ्या डॉलरना लावलंय का, बघ."

बघितलं. डॉलर खरंच कोरे होते.

"हिच्यावर देऊळ आहे. सणाला देव घरी आला, त्याला कोरडाच परत पाठवू?"