वहीतला शब्द मी बदलायला लावला

नाव : अश्विनी यशवंत गावस, वय ३१ वर्षे
धंदा : खाजगी शाळेच्या कार्यालयात लिपिक
राहणार : आमोणे, तालुका डिचोली, गोवा
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

मी आज दुपारी दीड वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी, आई शालिनी व धाकटा भाऊ सागर, वय २२, असे राहतो. माझा मधला भाऊ विशाल, वय २६, खनिजाच्या बार्जवर, म्हणजे मालवाहू बोटीवर, खलाशी होता. तो दि. ३ रोजी दुपारी बार्जच्या तळातल्या टाकीत गुदमरून मरण पावला.

बार्ज मुरगावला खनिज उतरवून आमोण्याच्या धक्क्याला परत लागली की टाकीत साचलेले पाणी काढतात. एकजण खाली उतरतो. दुसरा वर झाकणाशी उभा राहून हाका मारतो. खालून ओ आली नाही तर त्याने दोर ओढायचा असतो. विशाल उतरत असे तेव्हा झाकणाशी तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, बाबली शेटकर असत. ते मूळचे दोडामार्गचे आहेत.

विशालला प्रवासी जहाजावर नोकरी हवी होती. तिथे मुलाखत इंग्रजीत असते, काय आवडते, काय नाही, हे विचारतात. त्याला फक्त 'आय डोन्ट लाइक' येत होते. म्हणून मी शाळेतून शब्दांचा कागद आणला व रोज जेवणाआधी अर्धा तास शिकवू लागले. नुसते आवडत नसेल तर डिसलाइक. सोसवत नसेल तर कांट स्टँड. मनापासून तिटकारा असेल तर डिटेस्ट. किळस येत असेल तर लोद. प्रत्येक शब्दाचे वाक्य त्याने स्वतःवरून लिहायचे, असे ठरले होते. 'ताईचे शिकवणे मी लोद करतो' असे इंग्रजीत लिहून त्याने आईला वाचून दाखवले. आईला इंग्रजी येत नाही. ती त्याला शाबास म्हणाली.

ऑक्टोबरच्या अखेरीस विशालने घरी सांगितले की, बाबली बार्जवरचे डिझेल होडीवाल्याला चोरून देत असताना त्याने पाहिले व तसे त्यांना तोंडावर म्हटले. दोन दिवसांनी तो टाकीत असताना वरचे झाकण बंद झाले. काही मिनिटांनी बाबलींनीच ते उघडले व म्हणाले, "मस्करी केलंय रे. इतक्यान भियालंस?" हे सांगताना विशाल हसत होता. मी पुढे काही विचारले नाही.

रविवार दि. २ रोजी त्याने पेन्सिलीने एक वाक्य लिहिले. बाबली झाकणाशी असतो तेव्हा मला टाकीत उतरायची भीती वाटते, असा त्याचा अर्थ होता. शब्द ड्रेड हा होता. मी म्हटले, "हा नावडीचा शब्द नाही, भीतीचा आहे. भीतीचे शब्द पुढच्या पानावर आहेत. ते पुढच्या आठवड्यात."

तो म्हणाला, "पण ताई, माझां ताच आसा."

मी सांगितले की मुलाखतीत विचारलेले सोडून भलतेच बोललास तर घेणार नाहीत. त्याने तो शब्द रबराने पुसला व डिटेस्ट लिहिले. मी बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तो कामावर गेला.

आज मी वही हजर केली. ते वाक्य वाचून ठाण्याच्या साहेबांनी मला विचारले की, विशालचे बाबलींशी वैर होते काय, कारण विशाल भांडून रागाने एकटाच टाकीत उतरला, असे बाबलींचे म्हणणे आहे. त्यावर मी सांगते की वैर नव्हते. विशाल त्यांना घाबरत होता. डिटेस्ट हा शब्द माझा आहे. पान उजेडात तिरके धरले की खालचा पुसलेला शब्द दिसतो. तो मी साहेबांना दाखवला.

मयताच्या जागी त्याच्या घरचा माणूस घ्यायची बार्जवर पद्धत आहे. दि. १५ रोजी तेराव्याला बाबली घरी आले व सागरचे नाव आपणच पुढे केले, असे आईला म्हणाले. आईने हात जोडले.  नंतर मी मागच्या दारी भांडी घासत असताना ते तिथे आले व म्हणाले, "बाय, विशालाची ती इंग्लिशाची वही खंय आसा? माका जरा बघूची आसा." मी सांगितले की त्याच्या कपड्यांबरोबर जाळली. ते खरे नव्हते. "बरां केलंस," असे म्हणून ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

सागर कालपासून कामावर जातो. काल तो नवा म्हणून त्याला टाकीत उतरवले नाही. आज आपली पाळी आहे, असे सांगून तो सकाळी गेला. वर कोण असेल, असे मी विचारले. बाबलीकाका, असे तो म्हणाला. वहीबद्दल मी त्याला काही सांगितलेले नाही. सकाळपासून त्याचा फोन लागत नाही.

माझे सांगणे हवालदार जानकी मॅडम यांनी लिहून घेतले व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेच त्यात आहे, म्हणून खाली सही करते. सागरला टाकीत उतरवण्याआधी ठाण्यातून कोणीतरी धक्क्यावर जावे, एवढी माझी विनंती आहे. बार्ज आज चार वाजता धक्क्याला लागते. आता तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत.

(सही)
अश्विनी यशवंत गावस