एका पायावर मनूबाई

माणगावच्या दवाखान्यात मनूबाई आणि ठमीबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. न्हाणीत घसरल्यामुळे मनूबाईंची आज तोलाची तपासणी होती: एका पायावर दहा सेकंद.

"ठमे, पाय टेकला तर माझा निकेत मला त्याच्या घरी पनवेलला नेईल. सातव्या मजल्यावर, कायमची."

"मग टेकू नको. ऊठ, करून बघ. एक, दोन, ती... टेकलीस, मेले!"

"भराभर मोज ना!"

"डॉक्टर भराभर मोजणार हायत का?"

"बांधावरनं चालताना मी कधी पडले न्हाय गो."

"तेव्हा डोक्यावर भाताचा भारा असतो. रिकाम्या डोक्याची तुला सवय कुठं? ही पिशवी घे डोक्यावर."

"काय हाय हिच्यात?"

"तांदूळ, लेकीसाठी. उचल पाय. एक, दोन, तीन, चार..."

"हात सोडू?"

"सोड! आठ, नऊ, दहा, अकरा! अगो, पुरे!"

"थांब, आता मजा येतेय."

तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बाहेर आले.

"आजी, हे काय? पाय खाली ठेवा आधी!"

"न्हाय डॉक्टर. आधी तुम्ही कागदावर लिहा, मग मी टेकते."