निनवेचा राजा उठला होता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख बापा क्लेमेन्स. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले धर्मगुरू, पाटर रेमिगिउस. व्यासपीठावर बसलेले सर्व होडीघरांचे, होडीवाल्या कुळांचे वडीलधारे, विशेषतः आमा सिरिलुस. गायकवृंदातल्या मुली, समोर बसलेल्या साऱ्या आया आणि वडील, आपल्या इना आणि आमा, आणि मागच्या बाकांवर बसून मका खाणारे माझे जुने विद्यार्थी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला विषय दिला आहे 'योना संदेष्ट्याचं जीवन आणि आपण'. पाटर दर हंगामाच्या सुरुवातीला, होड्या पाण्यात ढकलण्याआधी, किनाऱ्यावर योनाची, देवमाशाने गिळलेल्या संदेष्ट्याची, गोष्ट सांगत आले. देवमाशावर जगणाऱ्या गावाला यापेक्षा जवळचा संदेष्टा कुठून आणायचा? पाटर आले तेव्हा त्यांना आपली भाषा येत नव्हती. पहिल्याच प्रवचनात त्यांनी देवमाशाऐवजी डुकराच्या पोटात योनाला घातलं होतं आणि कुणी हसलं नाही, कारण तेव्हा आपण पाहुण्यांना हसत नसू. पुढे ते आपल्यासारखे बोलू लागले, दगडावर कुटलेला मका चावताना त्यांचा दात तुटला, तरी तक्रार नाही. हे सगळं मी मनापासून सांगते. त्यांना दिलेली शाल आमच्या गल्लीतल्या बायकांनी विणली आहे आणि रंग पक्का आहे.

आता योना.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर लिओकाडिया शिकवायच्या. धडा मध्येच सोडला की हातावर पट्टी बसायची. त्यामुळे कुठलंही पुस्तक मी शेवटपर्यंत वाचते. योनाचं पुस्तक चार अध्यायांचं आहे. आपल्या गावाने ते पहिल्या अध्यायात थांबवलं आहे. वादळ आलं, होडीत कुणीतरी दोषी होता, त्याला पाण्यात टाकलं, समुद्र शांत झाला. एवढंच आपल्याला पाठ आहे. कारण ते आपल्या रीतीशी जुळतं. घरात भांडण असेल तर मासा होडीवर उलटतो, म्हणून हंगामाआधी सगळ्यांनी वाळूवर बसायचं, मनातलं बोलून टाकायचं, समेट करायचा. रीत चांगली आहे. मी तिच्या विरोधात नाही.

फीदेलिस तुम्हा सर्वांना आठवतो. आमा सिरिलुस यांच्या होडीवरचा, टोकावरून उडी घेऊन माशाला भाला मारणारा. शाळेत असताना तो बाकावरून उडी मारायचा आणि मी रागावले की म्हणायचा, "बाई, सराव करतोय." त्याची बायको मर्सियाना. तिची जीभ तिखट आहे, चुलीवरचं भांडं फेकून मारलेलं शेजाऱ्यांनी पाहिलं आहे. ती संत नाही. योनाही नव्हता. चौथा अध्याय वाचा, झाडाची सावली गेली म्हणून रुसून बसलेला आहे तो.

त्या सकाळी होडी पाण्याकडे ढकलली जात होती आणि मर्सियाना किनाऱ्यावर येऊन ओरडली. होडी निघताना बाईने तोंड उघडायचं नसतं, हे मलाही माहीत आहे. शाळेचा ओटा किनाऱ्याच्या वरच आहे, मी सगळं ऐकलं. ती फीदेलिसला म्हणाली, "कालच म्हणालास ना, दोन माणसं दिवसभर पाणीच उपसत होती? मग त्याच होडीत कशाला जातोस? फळ्यांचे सांधे भरा आधी."

आमा सिरिलुस म्हणाले, "हिला कुणीतरी घरी न्या. मासा कान देऊन ऐकत असतो."

आणि फीदेलिस हसून म्हणाला, "जाऊ द्या हो आमा. संध्याकाळी मीठ कमी पडलं तरी ही एवढंच ओरडते."

सांधे हंगामानंतर भरायचं ठरलं होतं. होडी घरात ठेवली तर मासे दुसऱ्या होडीघरांना मिळाले असते. दुपारी भाल्याला मासा लागला, त्याने होडी ओढली, सांधे उघडले. बाकी सगळ्यांना दुसऱ्या होड्यांनी उचललं. फीदेलिस मिळाला नाही.

रविवारी पाटर योनावर बोलले. "ज्याच्यामुळे वादळ आलं त्याने योनासारखं पुढे येऊन सांगावं," असं म्हणाले. पाटर, तुमच्या मनात कुणाचं नाव नव्हतं, हे मी मानते. पण सगळं चर्च मान वळवून एका बाकाकडे बघत होतं आणि तुम्ही पुढचं वाक्य वाचलंत.

ज्याचं शरीर समुद्र परत देत नाही त्याच्या जागी आपण शंख पुरतो, क्रूस लावतो, प्रार्थना म्हणतो. वडीलधाऱ्यांनी मर्सियानाला सांगितलं, "आधी वाळूवर सगळ्यांसमोर भांडणाची माफी माग, मग शंख पुरू."

तिने विचारलं, "कशाची माफी? होडी गळते म्हणाले त्याची, की ती गळली त्याची?"

शंख पुरला गेला नाही. ती पाटरांकडे गेली. पाटर म्हणाले, "पोरी, दोन शब्दांनी तुझं काय जातं?" ती म्हणाली, "दोन शब्द मी आधीच बोलले होते, पाटर. ते कुणी घेतले नाहीत." मी बापा क्लेमेन्सकडे गेले. ते म्हणाले, "बाई, आत्ता नको. हंगाम संपू दे." हंगाम संपला आहे.

आता मी तिसरा अध्याय सांगते, कारण विषय मला दिला आहे. योना निनवे शहरात गेला आणि ओरडला. दुसरं काही केलं नाही. बुडणार आहात, असं ओरडला. त्या लोकांनी काय केलं? याला घरी न्या म्हणाले? राजा गादीवरून उठला, पश्चात्तापाने राखेत बसला. गुराढोरांनासुद्धा गोणपाट नेसवलं, आणि शहर वाचलं. ती माणसं आपल्या धर्माची नव्हती. पहिल्या अध्यायातले खलाशीही नव्हते, तरी योना स्वतः 'मला टाका' म्हणत असताना ते आधी जीव तोडून वल्ही मारत राहिले, की किनारा मिळाला तर टाकावं लागू नये. आणि मर्सियाना तर होडीतसुद्धा नव्हती.

तर संदेष्ट्याच्या जीवनातून ख्रिस्ती माणसाने काय घ्यायचं? आपल्यातला योना कोण, हे आपण बरोबर शोधलं. किनाऱ्यावर एक बाई आली आणि बुडाल म्हणून ओरडली. शोधताना चुकलो ते एवढंच की तिला पहिल्या अध्यायात घातलं. ती तिसऱ्यातली होती. तिथे संदेष्ट्याला टाकायचं नसतं, आपण उठायचं असतं.

उद्या सकाळच्या बोटीने पाटर जात आहेत, तसंच मर्सियानाही जात आहे, लेवोलेबाला, बहिणीकडे. तिला हार नाही. ती परत येईल असं मला वाटत नाही. आज दुपारी ती माझ्याकडे आली, गाठोडं बांधून झालं होतं. फीदेलिसच्या नावाचा शंख माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाई, हा तुमच्याकडे राहू दे. बोटीतून नेला तर तो पुन्हा समुद्रावरच गेला असं होईल." रडली नाही. मीही नाही. आम्ही चहा प्यालो. चहात साखर घातली की नाही, तेही आठवत नाही.

तो शंख या पिशवीत आहे. क्लेमेन्स, हार जरा बाजूला घ्या, मी तो टेबलावर ठेवते. अजून उजेड आहे. दफनभूमी इथून दिसते. पाटर अजून या गावचेच पाटर आहेत, उद्या सकाळपर्यंत. आमा सिरिलुस, तुम्हाला मी अक्षरं शिकवली, म्हणून हक्काने सांगते, पहिली कुदळ तुमची असावी. माफी वाळूवरच मागायची असते. आपल्या रीतीत ती कुणी मागायची ते होडी सांगते, आणि ही होडी गळत होती. मर्सियाना घरी आहे. तिला बोलवायला मी जाईन, पण खड्डा तयार असल्यावर. रिकाम्या जमिनीपाशी तिला पुन्हा उभी करणार नाही.

मी कुदळ बरोबर आणली आहे, दारापाशी टेकवून ठेवली आहे. माती कडक आहे, मला एकटीला जमणार नाही.

बोलताना माझ्याकडून काही जास्त झालं असेल तर वयाकडे बघून सोडून द्या. काही कमी पडलं असेल तर ते तिकडे भरून काढू. पाटर, तुमच्या प्रवासाला शुभेच्छा. ज्यांनी ऐकून घेतलं त्यांचे इथेच आभार मानते. जे उठतील त्यांचे तिथे मानेन.