पाच-सात मीटर

कोसाडच्या बसच्या रांगेत लूम चालवणाऱ्या भटूच्या पुढे केशरबाई आणि त्यांचा दिल्लीच्या विमानतळावर नोकरीला असलेला मुलगा प्रदीप बोलत होते.

"धुक्यात पायलटला धावपट्टी दिसते का रे?"

"नाही आई. आमचं यंत्र खालून सिग्नल देतं, त्यावर विमान उतरतं."

"बरोबर मधोमध?"

"पाच-सात मीटर इकडेतिकडे चालतं."

"आमच्या लूमवर एक तार सरकली तरी शेठ कापडाचा अख्खा ताका परत करतो."

भटूनं मान डोलावली. मग पाच-सात मीटरांवर बघितलं, तर तिथे पानाचा गल्ला, छोटी टपरी. बस त्यात शिरली तर चालेल का, हे त्याला कळेना.

"ते यंत्र तपासतं कोण?" केशरबाईंनी विचारलं.

"मीच. आज रात्री मी पुढे जातो, परवा तू विमानानं दिल्लीत उतरशील तेव्हाही ड्युटीवर मीच आहे."

"मग आधी शर्टाची बटणं नीट लाव. एक घर चुकलंय."