उलटा तुकडा

वेंगुर्ले स्टँडवर मालवणची गाडी अजून लागली नव्हती. गुरुदास मास्तरांच्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी काजूच्या कुजक्या बोंडांवरच्या माशा बाटलीत घेऊन बसली होती आणि पलीकडे मासळीवाली म्हातारी.

"ह्यो माशयो कित्याक गो?"

"यांच्यातल्या काहींच्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा असतो, आजी. उन्हाळ्यात उलट्यावाल्या जास्त तगतात, पावसात सरळवाल्या."

"मगे मरतत, त्यो कच्च्यो?"

"नाही. ऋतू त्यांचा नव्हता, एवढंच."

"माझे दोन झील होडी घेवन गेल्ले, वादळात गावले. थोरलो पोहून इलो. धाकटो नाय इलो. थोरलो अजून म्हणता, तो कच्चो होतो."

गाडी लागली. मास्तर उठले नाहीत.

"आता बोललंस, त्यां कागदार लिवन दी गो. थोरल्याक वाचूक देतंय."